दोन खड्ड्यांची काच

…आणि दुसरी काचही त्यांनी धुऊन टाकली! काल बोलणं इथवर आलं होतं, तेवढ्यात कोणीतरी जेवायला हाक मारली आणि गोष्ट तशीच लटकत राहिली. काल जे नव्हते ते आता विचारतायत, "कोणी धुतली? कसली काच?" बरोबर आहे त्यांचं. गाडी सुटल्यावर चढणाऱ्यालाही बसायला जागा द्यावी लागते. तर जरा मागे सरकू.

आरसेकाका म्हणजे आरसे करणारा माणूस. पण त्यांचे आरसे भांग पाडायच्या कामाचे नव्हेत. नखाएवढी काच, तीत एक डोळा दिसला तर दुसरा दिसायचा नाही. एका मोठ्या संशोधन संस्थेत, जिन्याखालून आत वळलं की त्यांची खोली. खोलीच्या मधोमध एक पोलादी पिंप. त्यातली सगळी हवा पंपानं उपसायची आणि त्या रिकाम्या पोकळीत पूड तापवायची. पुडीची वाफ होते, वर उलट्या टांगलेल्या काचेवर जाऊन बसते, जशी पातेल्याच्या झाकणाला आतून वाफ धरते. झाकणाची वाफ मात्र ओघळून जाते. ही बसली ती बसली. थर केवढा? तर केसाच्या जाडीचे पाचशे भाग करा, त्यातला एक. आणि तोही सगळीकडे सारखा हवा. पूड तापवायची कळ हातानं फिरवायची. नवी यंत्रं आपली आपण फिरवतात म्हणे. हे यंत्र जुनं, काकांच्या हाताला सरावलेलं.

काकूंनी एकदा ते पिंप पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं मोठं भांडं, आणि शिजवता काय, तर चिमूटभर पूड! आणि वाढता काय, तर कोणाला दिसत नाही!"

काकू शिवणकाम करायच्या. कोट सैल कर, पँट आखूड कर, बाही बदल. त्यांचं काम सगळ्यांना दिसायचं आणि काकांचं कोणालाच नाही. हा त्यांच्या घरातला जुना विनोद. काका त्याला उत्तर म्हणून टवका उडालेल्या, कामातून गेलेल्या काचा घरी आणायचे. "घे, आणखी एक दागिना." काकू ती काच दोऱ्यात ओवून खिडकीत टांगायच्या. उन्हात त्यांचे हिरवे-जांभळे कवडसे भिंतीभर नाचायचे. चार-आठ दिवसांत रंग उडायचा, मग नुसती काच उरायची. उन्हानं मरतो हा रंग, फार नाजूक जात त्याची.

आता हा रंग आरशात कशाला? तर ऐका. एक आरसा खाली, त्यावर रंगाचा थर, त्यावर दुसरा आरसा. दोन्ही आरशांची तोंडं समोरासमोर. मध्ये सापडलेला उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो, कोंडलेल्या चेंडूसारखा. त्या एवढ्याशा जागेत तो रंगाला किती वेळा भेटत असेल, विचार करा. एरवी लेसर म्हणजे मोठं धूड, मोठा खटाटोप. इथं या नखाएवढ्या काचेतून तसा सरळ, एकसुरी उजेड बाहेर काढायचा, असा तिथल्या मॅडमचा ध्यास. मॅडम म्हणजे त्या खात्याच्या प्रमुख. वयानं काकांच्या मुलीएवढ्या, पण काका त्यांना "मॅडम" म्हणायचे आणि त्या यांना "काका".

बरं, काच ठीक झाली की नाही हे कसं कळायचं? काका तिच्यावर पांढऱ्या उजेडाचा ठिपका टाकायचे. तो परत येतो तेव्हा यंत्र पडद्यावर एक रेघ काढतं. सगळा उजेड परत आला तर रेघ सरळ. उजेडातला जो रंग दोन आरशांच्या मध्ये शिरून अडकला, तेवढ्या जागी रेघेला खड्डा पडतो. एक खड्डा म्हणजे काच चांगली. दोन खड्डे दिसले, तर थर अर्धा जाड आणि अर्धा पातळ. पूर्वी एकदा काच चिमट्यातून सरकली होती तेव्हा काकांनी हे पाहिलं होतं, ते डोक्यात पक्कं बसलेलं.

आता त्यांच्या मनातली एक भीती सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

काकांचे वडीलही आरसे करायचे, घरातले, दुकानातले, मोठाले. हात असा की लोक म्हणत, यांच्या आरशात माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसतो. म्हातारपणी तो हात कापायला लागला. कोपऱ्यातल्या न्हाव्याला त्यांनी एक मोठा आरसा करून दिला, त्यात गिऱ्हाइकाचा जबडा वाकडा दिसायचा. न्हावी भला माणूस. म्हाताऱ्याला कसं बोलायचं, म्हणून त्यानं तेवढ्या जागेवर कॅलेंडर लावलं! गिऱ्हाईक दाढी करताना तारीख बघायचं आणि गप्प बसायचं. घरच्यांचंही तेच. वडील संध्याकाळी कामावरून निघून गेले की मुलगा, म्हणजे आपले काका, त्यांचा आरसा खरवडून पुन्हा करायचे. वडिलांचा हात गेल्याचं साऱ्या गल्लीला कळलं. कळलं नाही ते फक्त वडिलांना.

तेव्हा काकांनी मनाशी ठरवलं होतं की आपला हात जाईल तेव्हा ते आधी आपल्याला कळायला हवं. आपल्या चुकीवर कोणी कॅलेंडर लावायची वेळ येऊ द्यायची नाही.

तर एका सकाळी मॅडम खोलीत आल्या. बरोबर रसायनवाला. या माणसानं एक नवा रंग तयार केला होता, वर्षभर खपून. छोट्या बाटलीत तळाशी पिवळी पूड.

"काका, जपून," रसायनवाला म्हणाला. "हिच्याजवळ शिंकू नका. शिंकलात तर संशोधन संपलं."

"मग तुम्ही आधी बाहेर व्हा," काका म्हणाले. "सर्दी तुम्हालाच झालेली दिसतेय."

मॅडम हसल्या, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच कुठंतरी होतं. त्यांच्या आईचं ऑपरेशन ठरलं होतं, त्या गावी निघाल्या होत्या. "काका, आरसा, रंग, आरसा, नेहमीसारखं करून ठेवा. मी आले की बघू." दारापर्यंत गेल्या, थांबल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून निघून गेल्या. हे तोंड मिटणं लक्षात ठेवा.

काकांनी पहिली काच केली. कळ फिरवताना श्वास रोखून धरला होता. काच बाहेर काढली, ठिपका टाकला. पडद्यावर दोन खड्डे!

त्यांना वाटलं, काच सरकली असणार. अशी काच द्रावणात बुडवली की मधला रंग विरघळतो, वरचा आरसा सालीसारखा सुटून येतो आणि खालची काच पुन्हा वापरता येते. धुतली. दुसऱ्यांदा चिमटे आवळले, सगळं पुन्हा केलं. दोन खड्डे. ठिपका इकडे सरकवला, तिकडे सरकवला. जाईल तिथं दोनच. ही ती दुसरी काच, जिच्यापाशी काल आपण थांबलो होतो. तीही धुतली.

तिसऱ्यांदा बाटली उलटी करून टिचक्या मारल्या. जेवढी पूड निघाली तेवढ्यात थर जेमतेम झाला. वरचा आरसा चढवला. ठिपका टाकायच्या आधी काकांनी हात पुसले, चष्मा पुसला, उगाच खिडकीही पुसली. मग टाकला.

दोन खड्डे.

काका स्टुलावर बसून राहिले. हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले, परक्याचे हात बघावेत तसे. कापतायत का? पाच मिनिटं रोखून बघितलं तर कोणाचाही हात कापल्यासारखा दिसतो. त्यांनाही दिसला.

ती काच धुऊन उपयोग नव्हता, पूड संपली होती. त्यांनी ती खिशात घातली आणि घरी गेले. काकू मशीनवर होत्या. नेहमीचा दागिन्याचा विनोद नाही, काही नाही. काच मशीनच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "ही शेवटची."

"शेवटची म्हणजे?"

"माझा हात गेला."

काकूंनी मशीन थांबवलं. त्यांचा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "इथंच तर आहे," म्हणाल्या. पण हे हसले नाहीत. माणूस हसायचा थांबला की बायकोला दुखणं कळतं.

आठवड्यानं मॅडम परत आल्या, त्या सकाळी काका त्यांच्या टेबलापाशी गेले. आईची तब्येत विचारली. बरी होती. मग खिशातून खोलीच्या दोन किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"हे काय काका?"

"दुसरा माणूस बघा, मॅडम. तुमची पूड मी संपवली. तीन काचा केल्या, तिन्ही बिघडल्या. हात राहिला नाही माझा. तुम्ही माझ्यामागं कोणाकडून तरी पुन्हा करून घेण्यापेक्षा मीच जातो."

"बिघडल्या म्हणजे काय झालं?"

"दोन खड्डे पडले."

मॅडम खुर्चीत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. "किती?"

"दोन. तिन्हीत."

"ठिपका सरकवून बघितलात?"

"बघितला ना! कुठंही ठेवा, दोनच. तेवढेच खोल, तेवढ्याच अंतरावर. म्हणून तर घाबरलो. एका जागी चूक असती तर म्हटलं असतं काच वाईट. सगळीकडे तीच चूक, म्हणजे हातच वाईट!"

मॅडमनी तोंडावर हात घेतला. काकांना वाटलं, या आता रडणार. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. "अहो काका, तुम्हीच म्हणताय, सगळीकडे सारखी! तिन्ही काचांत सारखी! कापणाऱ्या हाताला इतकी सारखी चूक जमते का?"

असा विचार काकांनी केलाच नव्हता. भीतीचं हे असं असतं. ती माणसाला हिशेब करू देते, पण उत्तर आधीच लिहून ठेवते.

"मग ते दोन खड्डे?"

मॅडमनी इकडेतिकडे बघितलं. बॉक्स बांधायचा दोरा सापडला. तो त्यांनी दोन खुर्च्यांच्या मध्ये आडवा ताणला आणि काकांच्या दोन्ही किल्ल्या त्याला हातभर अंतरावर दोऱ्यानंच लोंबत्या बांधल्या. राजीनाम्याच्या किल्ल्या, त्यांचा झाला झोपाळा! "ही किल्ली म्हणजे उजेड. ती म्हणजे रंग. उजेडाला झोका द्या."

काकांनी एक किल्ली हलवली. ती हलली, दुसरी स्वस्थ. मग हळूहळू दुसरी डुलायला लागली, जसजशी ही डुलते तसतशी पहिली मंदावते. पहिली थांबली, सगळा झोका दुसरीकडे गेला. आणि मग परत पहिलीकडे! कोणी हात लावलेला नाही. एकाच दोऱ्यावर टांगलेल्या आहेत, एवढंच.

"आता सांगा काका, झोका कोणाचा?"

"घटकेत हिचा, घटकेत तिचा." काका वाकून बघत होते. "म्हणजे दोघींचा."

"तसंच झालंय तुमच्या काचेत. आरशांमध्ये कोंडलेला उजेड आपला झोका रंगाला देतो, रंग तो परत देतो, उजेड पुन्हा रंगाला देतो. बाहेर निसटायच्या आत ही देवघेव इतक्यांदा होते की तो उजेड नुसता उजेड राहत नाही आणि रंग नुसता रंग राहत नाही. दोघांचं मिळून नवंच काहीतरी होतं, अर्धं उजेड, अर्धं वस्तू. आणि त्याला सूर दोन. बघा." त्यांनी दोन्ही किल्ल्या एका बाजूला ओढून एकदम सोडल्या. दोघी बरोबरीनं, सावकाश डुलल्या. मग एक इकडे, एक तिकडे ओढून सोडल्या. आता त्या एकमेकींच्या उलट आणि जरा घाईनं हलू लागल्या. "दोघं एका दिशेनं असली की सूर खालचा. विरुद्ध असली की वरचा. म्हणून एका खड्ड्याचे दोन खड्डे. हेच तर हवं होतं मला! असं मिसळलेलं असलं की थोड्याशा जोरावरही लेसर निघू शकतो."

काका किल्ल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकमत असलं की आवाज खाली, विरोध झाला की आवाज वर. हे बघायला आमच्या घरी यायचं होतं, मॅडम. पूड वाचली असती."

त्या आठवड्यात काका पहिल्यांदा असं काही बोलले. पण लगेच त्यांचा चेहरा पडला. "हवं होतं, तर सांगून का नाही गेलात?"

मॅडम खाली बघू लागल्या. "सांगणार होते. दारात थांबलेही होते. आधी बोलून दाखवलं की होत नाही, असं वाटलं. झाकली मूठ. एवढं शिकून माणूस असा वागतो, काका. चूक माझी आहे."

असो. दोघांनी आपापली चूक कबूल केली आणि मग दोघांना एकदमच आठवलं.

"काचा कुठं आहेत?"

"दोन धुतल्या."

"आणि तिसरी?"

काका गेल्या आठवडाभराचं ऊन आठवत होते, कडकडीत, पडद्यातूनही आत येणारं. "घरी. बायको खिडकीत टांगते," ते म्हणाले. आठवडाभर त्यांनी त्या खिडकीकडे बघणंच टाळलं होतं.

रसायनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, नवी पूड करायला पुन्हा वर्ष. झालं! मॅडमनी पर्स उचलली, काकांनी टोपी, आणि दोघं भर उन्हात रस्त्यानं असे निघाले की लोकांना वाटावं, कुठंतरी आग लागली आहे. काकांची चाल वयाला शोभणारी नव्हती. मघाशी मॅडमनी म्हटलं ते खरं असेल, पण ते डोळ्यांनी बघायचं तर ती काच हवी. ती नसली तर आयुष्यभर मनात पाल चुकचुकणार की त्या बिचाऱ्या भल्या बाईनं आपल्याला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगितलं? कॅलेंडर तर नाही ना लावलं?

खिडकीत ऊन भरून आलं होतं. दोऱ्यावर सगळ्या जुन्या काचा लुकलुकत होत्या. काकांनी एकेक उलटून बघितली. पांढरी, पांढरी, टवक्याची, पांढरी.

"अहो, चपला काढा आधी! आणि पाहुण्यांना बसा तरी म्हणा," काकू म्हणाल्या.

"अगं, ती पिवळी काच कुठाय?"

"कुठली?"

"मी शेवटची म्हणालो ती!"

काकू उठल्या. कपाटातून बटणांचा पत्र्याचा डबा काढला, तळाशी हात घातला आणि काळ्या मखमलीची एक पुडी वर काढली. कोणाच्या तरी कोटाची उरलेली चिंधी. पुडी उलगडली. आत काच, जशी आणली होती तशी पिवळी.

मॅडमनी वाकून बघितली. "तुम्हाला कसं कळलं, की ही अंधारात ठेवायची असते?"

"मला कुठं काय कळतंय," काकू म्हणाल्या. "रडवेल्या तोंडानं आणलेली वस्तू. खिडकीत टांगली असती तर यांनी येता-जाता बघितली असती आणि येता-जाता तोंड पाडलं असतं. लपवून ठेवली. चहा टाकू का?"

चहा राहिलाच. काच मखमलीसकट परत गेली, काकूही बरोबर. मॅडमच्या खोलीतले पडदे ओढले. काच स्टँडवर चढवली. खोलीतल्या मोठ्या लेसरच्या उजेडाचे ठोके तिच्यावर मारायचे आणि काच काय बोलते ते यंत्राच्या पडद्यावर बघायचं. पण जपून, कारण दर ठोक्याला या रंगाचा थोडा जीव जातो. फार वेळ नव्हता.

मॅडमनी अगदी हलका ठोका दिला. काच मंद उजळली, अंधाऱ्या खोलीत काजवा असावा तशी. पडद्यावर रुंद, बसका उंचवटा. थोडा जोर वाढवला. उंचवटा थोडा वाढला, एवढंच. आणखी वाढवला. तेच.

"होत नाही का?" काकांनी विचारलं.

"थांबा. गर्दीसारखं असतं हे. फेरीवाल्याभोवती दोन माणसं असली तर कोणी थांबत नाही. पुरेशी जमली की मग येणारा प्रत्येक जण तिथंच वळतो."

त्यांनी कळ आणखी किंचित फिरवली.

बसका उंचवटा गेला. त्याच्या जागी एक सुई उभी राहिली, सरळ, बारीक, पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेली. आणि समोर ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर, जिथं मघापासून नुसतं पुसट धुकं होतं, तिथं एक गोल ठिपका ठसठशीत उमटला. सगळा उजेड त्या एका वाटेनं निघाला होता.

काकांनी हळूच हात पुढे केला आणि तो ठिपका आपल्या तळव्यावर घेतला. हिरवट पिवळा ठिपका तळव्याच्या मधोमध. काका त्याची कड बघत होते. हात कापला तर ठिपक्याची कड हलणार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कड हलली नाही.

"दिसला बाई एकदाचा तुमचा उद्योग," काकू अंधारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र कापत होता.

थोड्याच वेळात ठिपका फिकट होत विझला, रंग आपलं काम करून दमला. पण पडद्यावरची सुई यंत्रानं टिपून ठेवली होती. मॅडमनी पडदे उघडले. खुर्च्यांच्या मधल्या दोऱ्यावर किल्ल्या अजून लोंबत होत्या. काकांनी गाठी सोडवल्या, नखानं, न घाई करता, आणि दोन्ही किल्ल्या पुसून खिशात टाकल्या.

"रसायनवाला पूड करायला घेतोय," मॅडम म्हणाल्या. "पुढची काच तुम्हीच कराल ना, काका?"

काका दारापर्यंत गेले, थांबले, वळले आणि म्हणाले, "करतो की. पण या खेपेला जायच्या आधी तोंड उघडा, मॅडम, आणि सांगून जा, खड्डे किती हवेत ते."